रूपाचं ऑपरेशन : घाई कुठे, धीर कुठे

बचत गटात कर्जाची कारणं ठरलेली असतात. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोरांची फी, दवाखाना. मागच्या वर्षी आमच्या एका गटात दवाखान्यासाठी वेगळाच अर्ज आला. एका ताईंच्या मुलीच्या गालावर आणि मानेवर लहानपणी भाजल्याचा व्रण होता. दोन ठिकाणांहून नकार आला होता. पुढच्या महिन्यात तिसरे पाहुणे येणार होते. ताई म्हणाल्या, ‘त्याआधी प्लॅस्टिक सर्जरी करून घेते, कर्ज द्या.’ गटात दोन तट पडले. एक म्हणे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. दुसरा म्हणे, नटण्यामुरडण्याला गटाचा पैसा कशाला?

खरं तर दोघींच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली होती. या नावाखाली दोन वेगळी कामं येतात. एक दुरुस्तीचं, दुसरं हौसेचं. दोन्हीची वेळ वेगळी.

आधी एक गैरसमज काढू. प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे अंगात प्लॅस्टिक भरणं नव्हे. हा शब्द ग्रीक भाषेतला, अर्थ ‘आकार देणे’. बहुतेक वेळा आपलीच कातडी, आपलंच मांस वापरतात. आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. सुश्रुतसंहितेत नाक आणि कानाची पाळी जोडण्याची रीत दिलेली आहे. टिपूबरोबरच्या लढाईत १७९२ साली कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याच्या कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली होती.

आता, घाई कुठे करायची? बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेली असेल तिथे. ‘गरोदरपणी ग्रहणात चिरलं-कापलं म्हणून झालं,’ असं म्हणून सुनेला बोल लावतात. मैत्रिणींनो, ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. अशा बाळाला दूध ओढता येत नाही, पुढे बोलणं स्पष्ट होत नाही. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत करतात. बाळाचं वजन आणि रक्त चांगलं हवं. ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत होतं. आशाताईंना किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगा.

तसंच भाजल्यावर मान, कोपर, बोटं आखडत असतील तर ते रूपाचं दुखणं नव्हे, कामाचं दुखणं आहे. तिथे व्यायाम, पट्टी आणि गरज पडली तर ऑपरेशन लांबवू नका. नुसता डाग असेल तर मात्र धीर धरा. व्रण मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

आमच्या त्या मुलीचं काय झालं? बैठकीत एका मावशींनी विचारलं, ‘अगं, पोरीला कुणी विचारलंय का?’ नव्हतं विचारलं. तिला बोलावलं. ती म्हणाली, ‘गालाची मला सवय झालीय. मान ओढते, वर बघता येत नाही, त्याचं करा.’ जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्लॅस्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनी तपासलं. मानेचं ऑपरेशन हवंच होतं. गालाचा व्रण थोडा फिका होईल, पुसला जाणार नाही, आणि महिन्याभरात तर काहीच उरकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गटानं जाण्यायेण्याला आणि ताईंच्या बुडालेल्या रोजाला पुरेल एवढं कर्ज दिलं. पाहुण्यांना थांबायला सांगितलं, ते परत आले नाहीत. मुलीची मान आता वळते. गालावरचा व्रण आहे.

हौसेच्या ऑपरेशनाकडे येऊ. हौस म्हणजे पाप नव्हे. जड कर्णफुलांनी कानाची पाळी फाटली, ती नीट करून घ्यावीशी वाटली, तर त्यात लाजायचं काय? पाळीपुरती भूल देतात, तासाभरात काम होतं, आठवड्याभरानं टाके काढतात. पण लगेच कान टोचू नका. दोन-तीन महिने थांबा आणि शिवलेल्या जागी टोचू नका. जखमेवर तुमचा व्रण जाड, फुगीर वाढत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा अंगावर कापलं की व्रण पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकतो.

बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आवळायचं असेल तर अजून मूल हवंय का ते आधी ठरवा, नाहीतर केलेलं वाया जाईल. चरबी काढणं हा वजन उतरवण्याचा उपाय नाही. नाकाचं ऑपरेशन वाढ पूर्ण झाल्यावरच, आणि त्याची सूज पुरती उतरायला वर्षही लागतं. म्हणून लग्नाची तारीख धरून कुठलंच ऑपरेशन ठरवू नका.

वेळ ठरवताना आपलं कामही बघा. सुगीच्या दिवसांत टाके घेऊन बसता येत नाही. पोटाच्या ऑपरेशनानंतर काही आठवडे हंडा उचलायचा नसतो. पाणी कोण आणणार? ताजा व्रण उन्हात काळवंडतो. अंगात रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल तर ते आधी ठीक करा. मिश्री, तंबाखू निदान महिनाभर आधी बंद हवी, नाहीतर जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घ्या. तुमचं शिक्षण प्लॅस्टिक सर्जरीचं आहे का? एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. अशी पदवी असते. ब्यूटी पार्लरवाली ताई किंवा चार दिवसांचा कोर्स केलेला माणूस चालणार नाही. भूल कोण देणार? काय बिघडू शकतं? बिघडलं तर खर्च कुणाचा? किती फरक पडेल? सगळा खर्च किती? निव्वळ रूपासाठीचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसत नाही. भाजल्यावरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. ‘आजच पैसे भरा, सूट देतो’ असं कुणी म्हणालं तर पिशवी उचला आणि घरी या.

आणि एक प्रश्न स्वतःला. हे मला हवंय, की नवऱ्याला, सासूला, पाहुण्यांना? उत्तर ‘मला’ असेल तरी सहा महिने थांबा. तेव्हाही ‘मला’च आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. आणि त्यासाठी जमीन, दागिना गहाण टाकू नका, खासगी फायनान्सचा हप्ता मागे लावून घेऊ नका.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आणि जिच्या अंगाचा प्रश्न आहे, तिला आधी बोलू द्या.