तरंगती गोदी



आपल्या जालना जिल्ह्यापासून समुद्र फार लांब. तरी आज समुद्रातली एक गोष्ट सांगतो. तुमच्या कामाची आहे.

गाडीचं चाक बिघडलं, तर आपण काय करतो? टेकू लावून गाडी उचलतो आणि चाक काढतो. पण जहाजाचा तळ बिघडला तर? तो तर पाण्याखाली. म्हणून जहाज कोरड्या जागी घ्यावं लागतं. त्या जागेला सुकी गोदी म्हणतात. १७५० च्या सुमारास मुंबईत लवजी वाडिया यांनी अशी दगडी गोदी बांधली.

पण दगडी गोदी जागची हलत नाही. म्हणून लोखंडाची तरंगती गोदी निघाली. तिचा तळ पोकळ असतो. त्यात पाण्याच्या टाक्या असतात. टाक्या भरल्या की गोदी खाली जाते. मग जहाज आत येतं. पंपानं पाणी काढलं की गोदी जहाजासकट वर येते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी अशीच एक प्रचंड गोदी मुंबईत बांधून घेतली. मुंबईच्या कामगारांनी त्यासाठी घाम गाळला. १९४४ साली ती समुद्रातून ओढत सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, त्रिंकोमाली बंदरात नेली.

८ ऑगस्ट १९४४ रोजी 'व्हॅलियंट' ही लढाऊ बोट तिच्यात घेतली. बोटीचं वजन तीस हजार टनांच्या वर. म्हणजे शंभर किलोची तीन लाख पोती! शिवाय आत दारूगोळा भरलेला. पंप सुरू झाले. पण टाक्या चुकीच्या क्रमानं रिकाम्या केल्या. गोदीची दोन्ही टोकं जास्त उचलली गेली. मधे बोटीचा भार. वाशाच्या मधोमध ओझं ठेवून टोकं उचलावीत आणि वासा मोडावा, तशी गोदी मोडली आणि बुडाली. बोटीचे पंखे अडकले. ती पुन्हा लढाईवर गेली नाही.

लोखंड होतं, पंप होते. चुकला तो भाराचा हिशोब.

गाडी भरताना सगळी पोती मागंच रचली, तर गाडी उलार होते. जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. हे तुम्ही जाणताच. आता तुम्हाला आकडेही वाचता येतात. ट्रॉली भरताना, विहिरीवर यारी बसवताना, ती किती भार पेलते ते आधी वाचा. भार कुठं ठेवायचा, आधी काय उचलायचं, ते ठरवा. मगच हात घाला.