खाडी राखायची, तर खाडीवर हक्क हवा
(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



कोकणातील खाडी ही अशी संपत्ती आहे की, तिच्यावर हजारो कुटुंबे जगतात आणि तरीही कोणत्याही खातेवहीत तिची धड नोंद सापडत नाही. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवे वेचणारी स्त्री घरच्या कालवणासाठी जे आणते, त्याचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत नीट उतरत नाही. कांदळवनाच्या मुळांच्या आश्रयाने कोळंबीची, बोयची, जिताड्याची पिले वाढतात. तेच वन भरतीचा आणि वादळाचा जोर अडवून धरते. हे काम निसर्ग विनामूल्य करतो, आणि ज्याचे मूल्य मोजलेले नाही ते भरावाखाली घालणे नेहमीच सोपे असते. भराव घालणाऱ्याचा नफा मोजता येतो. खाडी गमावणाऱ्यांचे नुकसान शेकडो चुलींत विखुरलेले असल्यामुळे ते कोणाच्याच नजरेत भरत नाही.

अशा खाड्यांचे रक्षण कोणी करावयाचे? या प्रश्नास अलीकडे एक उत्तर वारंवार दिले जाते: किनाऱ्यावरील गावांना, बचत गटांना, मच्छीमार संस्थांना लहान लहान अनुदाने द्यावीत आणि रक्षणाचे काम त्यांच्याच हाती सोपवावे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लहान अनुदानांचा कार्यक्रम 1992 साली याच विचारातून सुरू झाला. या उत्तरात बरेच तथ्य आहे. तथापि ते अपुरे आहे. त्यात तथ्य कोणते आणि उणीव कोणती, याची छाननी समाजवादी विचाराने करणे अगत्याचे आहे; कारण विकेंद्रीकरणाची भाषा ही आज केवळ समाजवाद्यांची राहिलेली नाही.

प्रथम तथ्याची बाजू पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर या प्रयोगाला चार दशकांचा इतिहास आहे. मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाने 1985 साली चेसापीक उपसागरासाठी एक विश्वस्त निधी स्थापन केला. शाळा, वस्तीतील मंडळे, प्रार्थनामंदिरे यांना हा निधी लहान रकमा देतो. ओढ्याकाठी झाडे लावणे, पावसाचे पाणी जिरवणे, मुलांना उपसागराचे शिक्षण देणे, अशी ही कामे असतात. निधीचा एक भाग मोटारींच्या खास नंबरपट्ट्यांच्या विक्रीतून येतो आणि एक भाग नागरिक प्राप्तिकराचे विवरण भरताना स्वेच्छेने देतात त्यातून. रक्कम लहान, पण झरा कायमचा, हे त्याचे वैशिष्ट्य. एका वर्षाच्या अंदाजपत्रकात भरघोस तरतूद आणि पुढच्या वर्षी शून्य, अशी अवस्था तेथे टाळली गेली.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस व्हर्जिनियाचे उपसागर आहेत. 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील सागरी गवत रोगाने खंगले आणि ऑगस्ट 1933 च्या चक्रीवादळाने उरलेसुरले नष्ट केले. गवताबरोबर त्यात वाढणारी स्कॅलप जातीची शिंपलीही गेली आणि तिच्यावरचा धंदा बसला. सुमारे सात दशके ते तळ उघडेच राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी बी पेरण्यास आरंभ केला. दरवर्षी स्वयंसेवक पाण्यात उतरून बीजधारी फुटवे हाताने गोळा करीत. दोन दशकांत 7 कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या. पेरणी झाली सुमारे 200 हेक्टरांवर. गवत आपोआप पसरले सुमारे 3,600 हेक्टरांवर. मोठा ठेकेदार नाही, यंत्रांचा ताफा नाही. वर्षानुवर्षे चाललेले चिवट काम आणि थोडा थोडा पैसा, एवढ्यावर हे घडले.

परंतु या यशाचे एक कारण असे आहे की, ते सांगितल्यावाचून हे उदाहरण अर्धेच राहते. त्या उपसागरांचे पाणी मुळात स्वच्छ होते. काठावर दाट वस्ती नव्हती, कारखाने नव्हते, किनाऱ्यालगतच्या बेटांचा आणि दलदलीचा मोठा भाग संरक्षित होता. पाणी घाण असते, तर 7 कोटी काय, 70 कोटी बिया पेरूनही गवत उगवले नसते. ही गोष्ट कोकणच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस आणि त्यांवरील भरावास मनाई केली. 2018 च्या निकालात कांदळवनांचा नाश हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कावरच घाला होय, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. दरम्यान 2012 साली शासनाने कांदळवन कक्ष स्थापला आणि 2017 साली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. गावात सहव्यवस्थापन समिती नेमावयाची, समितीने कांदळवन राखावयाचे, आणि त्या बदल्यात खेकडापालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, कालवपालन, निसर्गपर्यटन यांसाठी गटांना साहाय्य द्यावयाचे, अशी तिची रचना. सामूहिक प्रकल्पास खर्चाच्या 90 टक्के शासनाचे आणि 10 टक्के लाभार्थींचे. वैयक्तिक प्रकल्पास 75 आणि 25 टक्के. सामूहिक कामास झुकते माप देणारी ही विभागणी स्वागतार्ह आहे. वेंगुर्ल्याच्या खाडीत स्त्रियांचा गट होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवून चार पैसे मिळवू लागला, तेव्हा तिवराचे झाड हे सरपणापलीकडे काही असू शकते, हे गावाला व्याख्यानांवाचून पटले.

मग उणीव कोठे आहे? ती पहिल्यांदा मोजमापात आहे. शासकीय यंत्रणेला रोपे मोजणे सोयीचे वाटते. इतकी हजार रोपे लावली, उद्दिष्ट पूर्ण झाले! परंतु रोप चुकीच्या जागी लावले, तर ते मरते. आणि शिंपल्यांच्या उघड्या चिखलवाटेवर लावले, तर जगूनही वेचणाऱ्या स्त्रियांची जागा बळकावते. तामिळनाडूतील पिचावरम येथे उलट दिशेने विचार झाला. तेथील उजाड खाजणात भरतीचे पाणी साचून आटत असे व माती खारावत असे. तेव्हा माशाच्या काट्यासारखे मधला कालवा आणि बाजूच्या चऱ्या असे चर खणून प्रथम पाण्याची वाट मोकळी केली गेली, आणि आसपासच्या गावांना कामात भागीदार करून घेण्यात आले. पाणी खेळू लागले, आणि वन परत आले. पाण्याची वाट कोठे तुंबली आहे, हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा तेथे जाळे टाकणाराच नेमके सांगू शकतो. लहान अनुदानाचा खरा लाभ येथे आहे. ते पैशापेक्षा स्थानिक ज्ञानाला कामाला लावते. त्याच ज्ञानाला रोपांच्या उद्दिष्टात जखडले, तर अनुदान म्हणजे केवळ लहान आकाराचा ठेका होऊन बसते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ती गोव्याच्या खाजणांत स्पष्ट दिसते. तेथे सुमारे 18 हजार हेक्टर जमीन शतकानुशतके बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखली गेली. बांधात लाकडी दाराचे मानस असे; भरतीला ते मिटे, ओहोटीला उघडे. मानशीतील मासळीचा लिलाव होई आणि गावकारी बांधाची निगा राखी. भात, मासळी आणि बांध यांचा हिशेब एकाच संस्थेच्या हाती होता. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्यातील दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला न्याय दिला, हे निर्विवाद पुरोगामी पाऊल होते. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. मात्र शेतीचे उत्पन्न घटत गेले आणि मानशीचा लिलाव किफायतशीर ठरला. लिलाव घेणाऱ्याला भातशेतीशी देणेघेणे नव्हते. जितके खारे पाणी आत, तितकी मासळी अधिक. अनेक ठिकाणी शेते खारावली. बांधाच्या दुरुस्तीसाठी शासनाने पैसा दिला नाही असे नव्हे. पण पैसा येऊनही, ज्याच्या हाती दार आहे त्याचे हित आणि ज्याचे शेत आहे त्याचे हित यांची फारकत झालेली राहिली. ती फारकत कोणतेही अनुदान भरून काढू शकत नाही.

गॅरेट हार्डिनने 1968 साली असा सिद्धांत मांडला की, सामाईक मालमत्ता अखेर ओरबाडलीच जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या कुरणांचा, कालव्यांचा आणि मासेमारीच्या क्षेत्रांचा अभ्यास करून त्यास उत्तर दिले. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचे म्हणणे थोडक्यात असे: वापरणाऱ्यांना नियम करण्याचा अधिकार असेल, बाहेरच्यांना रोखता येत असेल आणि त्या अधिकारास सरकारची मान्यता असेल, तर सामाईक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या कसोटीवर कोकणच्या समित्या कोठे उभ्या आहेत? कांदळवन राखण्याचे कर्तव्य त्यांच्याकडे आहे. खाडीत येणारी नळी बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. दाभोळच्या खाडीकाठचे मच्छीमार लोटे-परशुरामच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षे दाद मागत आले आहेत. खेकड्याचा पिंजरा 90 टक्के अनुदानाने मिळाला, तरी विषारी पाण्यात खेकडा जगावा कसा?

न्हावा-शेव्याच्या परिसरातही हेच दिसते. बंदराच्या विस्ताराने मासेमारीचे नुकसान झाले म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 साली 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश महत्त्वाचा होता. पण भरपाई ही खाडी गेल्यानंतरची किंमत असते. भराव घालण्यापूर्वी त्या कुटुंबांच्या संमतीला कायद्याचे बळ असते, तर हिशेब निराळा झाला असता.

म्हणून मागणी अनुदान वाढवण्याची आहेच, पण तेवढीच नाही. अनुदान वर्षाचे नसावे, किमान पाच वर्षांचे असावे. यशाचे माप रोपांऐवजी पाण्याची शुद्धता, मासळीची आवक आणि वेचणाऱ्या स्त्रियांची मिळकत हे असावे. निधीचा झरा शासनाच्या मर्जीवर न सोडता बंदरांवर आणि किनारी कारखान्यांवरील अधिभारातून काढावा. खाणबाधित जिल्ह्यांसाठी 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. मग खाडीबाधित गावांसाठी तसा निधी का नको? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी कांदळवने आज वन म्हणून अधिसूचित आहेत, तेथे 2006 चा वनहक्क कायदा लागू करण्याचा आग्रह धरावा. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. बिगर-आदिवासी अर्जदारांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, ही अट कठीण आहे. पण खाडीकाठच्या अनेक कोळी, भोई, गाबीत, खारवी वस्त्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 2009 साली जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला आणि बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. जंगलात जे शक्य झाले, ते खाडीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

मच्छीमार संघटना, सहकारी संस्था आणि ग्रामसभा यांनी समितीच्या बैठकीत अनुदानाचा अर्ज भरताना त्याच टेबलावर वनहक्काचा दावाही भरावा. पहिला कागद काही वर्षांत संपतो. दुसरा पुढच्या पिढीच्या हाती राहतो.