नवा बॉयलर आणि बायकांची मजुरी



वसंत व्याख्यानमालेत बॉयलरवर भाषण ठेवणे हे चालकांचे धाडसच म्हणावयाचे. एरवी या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाटक, शिवकाल हे विषय शोभतात. त्यातून बाहेर वैशाखाचा उकाडा, आणि आम्ही उष्णतेच्या गोष्टी सांगावयाला उभे! आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे कायद्याच्या पुस्तकांत आणि कामगारांच्या संगतीत झाले. शास्त्राची भाषा कुठे अडखळली तर सभेतील इंजिनिअर मंडळींनी सांभाळून घ्यावे. आणि आम्ही 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणा नव्हे. तीस वर्षे युनियनच्या वतीने बोलून 'मी' म्हणण्याची सवय मोडली आहे.

आपणां सर्वांच्या घरी एके काळी तांब्याचा बंब होता. सोडणे, चुडते, करवंट्या जे मिळेल ते त्याच्या पोटात जाई. त्या बंबाचे नियंत्रण कोणाकडे होते? घरच्या बाईकडे. पाणी पुरेसे कढले की ती जळण मागे ओढी, आणि पाणी आटत आले की ओरडून सांगे, "आधी घागर ओता, मग न्हाण काढा." आज बंबाच्या जागी विजेचा गीझर आला. ओढण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. गीझरवर तारे छापलेले असतात. पाणी तापवून नुसते ठेवले तर चोवीस तासांत किती वीज वाया जाते, यावरून ते ठरतात. तारे पुष्कळ लोक पाहतात, थर्मोस्टॅटचा काटा थोडेच पाहतात. पाच तारे घेऊन काटा सदा शेवटच्या खुणेवर ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

कारखान्याचा बॉयलर हा या बंबाचाच थोरला भाऊ. मात्र त्यात वाफ कोंडलेली असते, आणि कोंडलेली वाफ फुटली तर माणूस राहात नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून कित्येक माणसे मेली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा पहिला कायदा झाला. पुढे प्रांताप्रांतांचे कायदे एकत्र करून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला, तो १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. शंभर वर्षे त्यावरच कारभार चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. आपल्या राज्यात ही तपासणी बाष्पके संचालनालयाकडे असते. 'बाष्पक' हा शब्द आम्हांस फार आवडतो. पण बॉयलरपाशी उभा असलेला माणूस तो कधी उच्चारीत नाही.

या साऱ्या कायद्यांचा मुख्य प्रश्न एकच आहे: हा फुटेल काय? तो योग्यच आहे. पण हा किती जळण खाईल, आणि त्याची उष्णता जिथे हवी तिथे, हवी तेवढी पोहोचेल काय, हा प्रश्न लहान कारखान्यात बहुधा विक्रेत्याच्या तोंडावर सोडलेला असतो. इंग्लंडात घरे तापवणाऱ्या गॅस बॉयलरलासुद्धा हा प्रश्न कायदा विचारतो. तेथे एप्रिल २०१८ पासून नव्या बॉयलरची कार्यक्षमता किमान ९२ टक्के लागते, आणि खोलीचे तापमान व वेळ राखणारी साधने बसवावीच लागतात. त्यातही नळाचे पाणी तापवणाऱ्या जातीच्या बॉयलरला आणखी एखादे साधन जोडावे लागते. बाहेरची हवा पाहून आच कमीजास्त करणारे, नाहीतर धुरातली उष्णता परत घेणारे. तेथील कायद्याने हे ओळखले की चांगला बॉयलर आणि वाईट लगाम ही जोडी खर्चाचीच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. काजूचे कारखाने आपण बाहेरून पाहता. आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. वाळलेली बी आधी वाफेवर शिजवतात. मग ती निवू देतात. नंतर बायका हातापायांनी चालवावयाच्या यंत्रावर बी फोडून गर काढतात. टरफलातले तेल इतके दाहक असते की हाताची कातडी जाते; म्हणून खोबरेल किंवा राख लावून काम चालते. पुढे तो गर सुमारे ७० अंशांच्या उष्ण हवेत काही तास सुकवतात, साल सोलतात आणि प्रतवारी करतात. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. अख्ख्याला भाव, तुकड्याला त्याहून पुष्कळ कमी.

आता ध्यानात घ्या. बी कमी शिजली तर टरफल चिवट राहते, गर चिकटून फुटतो. जास्त शिजली तर गर लाल पडतो. सुकवणीत आच अधिक झाली तर गर ठिसूळ होतो, कमी पडली तर साल सुटत नाही आणि सोलणाऱ्या बाईला सुरीने खरवडावे लागते. फोडणी-सोलणीची मजुरी किलोवर, आणि तुकडा पडला तर दर कमी. म्हणजे वाफेचा दाब शेजारच्या खोलीत चुकला, तर पैसे या खोलीतल्या बाईच्या पदरचे जातात. एका बाईने आम्हांला बैठकीत विचारले, "भाऊ, बी कच्ची ऱ्हवली तरी दोष आमचो, आणि करपली तरी आमचोच. वाफ काय आमी सोडताव?"

ज्या कारखान्यात हे झाले त्याचे नाव सांगत नाही. मालक वाईट नव्हते, हिशेबी होते. जुना बॉयलर थकला म्हणून नवा घ्यावयाचा ठरला. विक्रेत्याने सांगितले, पूर्ण स्वयंचलित आहे, बॉयलरवाल्याची गरज नाही. युनियनला हे समजले तेव्हा आमचा पहिला विचार, खरे सांगतो, फक्त एका माणसाच्या नोकरीचा होता. बॉयलरवाल्या मामांसाठी भांडावयाचे म्हणून आम्ही गेलो. मामांनीच आम्हांला शहाणे केले. ते म्हणाले, "बटन पंखो थांबवतला, इंगळ कोण काढतलो?"

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. गॅसचा किंवा तेलाचा बॉयलर असेल तर दाब वाढताच स्विच इंधन तोडतो, जाळ विझतो. आपल्याकडे काजूचे टरफल किंवा लाकूड जाळतात. तिथे स्विच पंखा थांबवतो, पण जाळीवरचे निखारे पेटलेलेच राहतात. दाब चढतच जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि जळणाचे पैसे शिट्टी मारीत आकाशात जातात. शिवाय एकाएकी हवा तुटली की टरफलाचा तेलकट काळा धूर निघतो. शेजारच्या वाडीचे गाऱ्हाणे येते ते त्यावेळी. आणि काचेत पाणी दिसेनासे झाले तर? तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी सोडणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे. पंखा बंद करून जाळ ओढून काढावा लागतो, आणि तो माणसानेच काढावा लागतो. बॉयलर प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावा, असे नियम आहेत ते उगाच नव्हेत.

मग आम्ही मागणीपत्र पुन्हा लिहिले. पहिल्या कलमात पाण्याची पातळी कमी होताच पंखा बंद करून भोंगा वाजवणारे साधन, तेही एक नव्हे दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेली. पंख्याला चालू-बंद स्विचऐवजी वेग हळूहळू कमीजास्त करणारा ड्राइव्ह, म्हणजे दाब जसा चढेल तशी हवा उतरेल. शिजवणीच्या भांड्यावर वेगळा दाबनियंत्रक आणि वेळेचे घड्याळ. सुकवणीच्या खोलीत थर्मोस्टॅट, आणि तापमान दाखवणारा काटा दाराबाहेर, सर्वांना दिसेल असा. मामांची नोकरी शेवटच्या कलमात गेली. यावर आमच्याच काही सभासदांनी आम्हांला बोल लावले.

मालकांनी विचारले, हे पैसे कोण देणार? आम्ही पाठ केलेले आकडे पुढे ठेवले. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक उष्ण असेल तर जळण सुमारे १ टक्का वाचते. धुराड्यातून जाणाऱ्या धुराचे तापमान २२ अंशांनी उतरले तर तेवढेच. आतल्या पत्र्यावर एक मिलिमीटर क्षार चढला तर खप पाच ते आठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे पाणी मृदू न करता महाग नियंत्रक घेणे व्यर्थ. आपल्या कारखान्यात शिजवणीची वाफ थेट बियांत जाते, तिचे पाणी तेलकट, ते परत घेता येत नाही. पण सुकवणीच्या नळ्यांतली वाफ स्वच्छ राहते. तिचे उष्ण पाणी टाकीत परत आणा, ३० अंशांचे पाणी ६० वर गेले तर पाच टक्के तिथेच. मालक म्हणाले, टरफल तर आमच्या घरचेच, त्याचा खर्च काय? आम्ही विचारले, मग ते तेल काढणाऱ्यांना विकता ते फुकट देता काय? ते हसले, आणि बोलणे पुढे सरकले.

सगळे मिळाले असे नाही. पाण्याची दोन साधने आणि ड्राइव्ह आला. भांड्यावरचा दाबनियंत्रक एक हंगाम उशिरा आला. त्या मधल्या हंगामात आम्ही एक साधी गोष्ट केली. मामांनी भिंतीवर वही टांगली आणि प्रत्येक घाण्याची वेळ, दाब व बियांची जात लिहावयास सुरुवात केली. फोडणीच्या खोलीत एका मुलीने त्याच घाण्याचे अख्खे आणि तुकडे वजन करून लिहिले. महिन्याने दोन वह्या शेजारी ठेवल्या. दाब ज्या दिवशी खालीवर झाला होता, त्या दिवशी सर्वच बायकांचे तुकडे वाढले होते, नवशिकीचे आणि वीस वर्षे हात बसलेलीचेही. मालक ती पाने बराच वेळ उलटत राहिले. त्या महिन्याची तुकड्यांची कपात परत मिळाली. त्यापुढे असे ठरले की वहीत दाब चुकलेला दिसला तर त्या घाण्याला कपात नाही.

अशा वह्या तीन कारखान्यांतल्या बायका आता ठेवतात. दोन ठिकाणी मालकांनी त्या बंद पाडावयाचा प्रयत्न केला, एके ठिकाणी तो सफल झाला. आणि ज्या कारखान्याची ही हकीकत, तिथे सुकवणीच्या खोलीत थर्मोस्टॅट अजून बसलेला नाही. काटा मात्र दाराबाहेर आहे. सोलणीच्या बायका सकाळी आत जाताना तो पाहतात, आणि ७० च्या पलीकडे दिसला तर मामांना हाक मारतात. त्या थर्मोस्टॅटचे बोलणे पावसाळ्यानंतर, नव्या बियांची खरेदी सुरू होण्यापूर्वी व्हावयाचे आहे.