छोटी महाविद्यालये आणि आशियाचा अभ्यास



आशियाचा अभ्यास मोठ्या विद्यापीठांनीच करावा, हा समज अमेरिकेतील छोट्या महाविद्यालयांनी खोटा ठरविला आहे. मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड गावचे कार्लटन महाविद्यालय केवळ पदवीपर्यंतचे शिक्षण देते. तेथे डॉ. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ ते १९९७ या काळात इतिहास शिकविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दलित चळवळ हा त्यांच्या संशोधनाचा विषय. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास अशा रीतीने त्या दूरच्या गावातील वर्गात पोहोचला.

प्रत्येक आशियाई भाषेसाठी स्वतंत्र प्राध्यापक नेमणे छोट्या संस्थेस परवडत नाही. यावर सहकार्य हाच उपाय ठरला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महाविद्यालयांनी एकत्र येऊन पुण्यात अनेक वर्षे भारतविषयक अभ्यासक्रम चालविला. विद्यार्थी मराठी शिकत आणि पुणेकर कुटुंबांत राहत. पुढे १९९२ मध्ये अशाच महाविद्यालयांसाठी ‘एशियानेटवर्क’ ही संस्था स्थापन झाली.

भाषेच्या वर्गात विद्यार्थी मोजकेच असतात. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच वर्गावर पडते. परंतु एका समाजाने दुसऱ्यास समजून घेण्याचे मोल पटावरील संख्येने ठरविता येत नाही. तो वर्ग टिकविणे, हे त्या महाविद्यालयांइतकेच आपल्याही हिताचे आहे.