दीर्घिकांच्या दाटीवरून कृष्णद्रव्याचा माग



नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो उतरतात. काठावरून पाण्यातलं शेवाळ दिसत नाही. पण थवे कुठे दाटलेत यावरून खाणं कुठे आहे, याचा अंदाज बांधता येतो. विश्वातल्या कृष्णद्रव्याचा माग शास्त्रज्ञ असाच काढतात. हे द्रव्य प्रकाश देत नाही, अडवतही नाही. तरी ते साध्या द्रव्याच्या पाचपट आहे आणि त्याच्याच ओढीनं दीर्घिका एकत्र येतात.

ते कशाचं बनलंय? एक शक्यता मला विलक्षण वाटते: ॲक्सिऑन या कल्पित कणाच्या जातीचे अतिहलके कण. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 5,11,000 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. यांचं मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टला एकावर बावीस शून्यांनी भागावं, इतकंच! कण जितका हलका, तितकी त्याची तरंगलांबी मोठी. इथे ती हजारो प्रकाशवर्षांपर्यंत जाते. असा कण लहान जागेत कोंडता येत नाही, त्यामुळे द्रव्याच्या लहान गाठी बांधल्याच जात नाहीत. कण याहूनही हलके असतील, तर दीर्घिकांची मोठ्या पल्ल्यावरची दाटीसुद्धा कमी भरते. म्हणजे दाटी नीट मोजली की कणाचं वजन हाती लागू शकतं.

या मोजणीत पुणं आहे. हवाईतल्या 8.2 मीटरच्या सुबारू दुर्बिणीची निरीक्षणं आणि स्लोन आकाश-सर्वेक्षणातल्या दीर्घिका एकत्र तपासणाऱ्या 2023 सालच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे सुऱ्हुद मोरे. दाटीचा आकडा आला 0.77च्या आसपास, विश्वातला सर्वांत जुना प्रकाश टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून तो 0.83 यायला हवा होता. त्याच वर्षी टोरांटोचे कीर रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्याच दीर्घिका घेऊन दाखवलं, की अतिहलके कण थोडे मिसळले तर अशी तफावत कमी होते. पण थोडेच! त्यांनी तपासलेल्या बहुतेक वजनांचे कण एकूण कृष्णद्रव्याच्या फार तर दहाव्या हिश्शाइतके असू शकतात. उलट 2025 मध्ये दीर्घिकांच्याच किड्स या दुसऱ्या सर्वेक्षणाचा आकडा प्लँकशी जुळला, त्यामुळे तफावत खरी आहे का, हा वाद मिटलेला नाही.

कण सापडला नाही, तरी तो कुठे नाही हे कळणं मी मोठी कमाई मानतो. दर 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुकाचे दरवाजे सर्वांना खुले असतात. मुलांना घेऊन जा आणि हे प्रश्न तिथल्या संशोधकांनाच विचारा.