नोंदवहीत नसलेली मुलगी

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचे धडे दिले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या. गरोदरपण, बाळंतपण, पाळणा लांबवणं हे सगळं त्या गावात सासवांच्या देखत बोलत.

आज याच जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मुलांना मी विचारतो, पाळी चुकली तर जायचं कुठे? सगळे खाली बघतात. बीजांडकोशाची आकृती मात्र त्यांना अचूक काढता येते.

गर्भपात हा गुन्हाच, असंही अनेकजण ठामपणे सांगतात. त्यांना दोष कसा द्यावा? लहानपणापासून त्यांनी सोनोग्राफी सेंटरवरची पाटी तेवढी वाचली. ती पाटी 1994 च्या कायद्याची, गर्भलिंगनिदानाविरुद्धची. गर्भपाताचा कायदा वेगळा, 1971 चा. त्यात ठरावीक कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बाई सज्ञान असेल तर संमती तिची एकटीची. नवऱ्याची सही लागत नाही. गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात पूर्वी ‘नवरा’ होता, 2021 च्या दुरुस्तीने तिथे ‘जोडीदार’ आला. विशेष परिस्थितीत मुदत 24 आठवड्यांची आहे आणि त्यातून अविवाहितेला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी सांगितलं. हे ऐकल्यावर वर्गात पेनं बाहेर येतात.

पण कायदा कळला तरी सेवा भेटायला हवी. आशाताई घरी येते ती पात्र जोडप्यांच्या नोंदीवरून. ‘पात्र’ म्हणजे लग्न झालेलं. किशोरांसाठी सरकारी मैत्री क्लिनिक आहे, तेही 10 ते 19 वयोगटासाठी. मग पाथर्डीहून नगरला शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी, वीस वर्षांची टीवायची मुलगी कोणाच्या वहीत? कोणाच्याच नाही. आपल्याकडे प्रजननाचं आरोग्य अक्षता पडल्यावर सुरू होतं, असा एकूण सरकारी समज दिसतो.

आणि आम्ही शिकवणारे? र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी नोकरी गमावली. आमच्यातले काही प्राध्यापक प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणतात. त्यांची नोकरी सुरक्षित आहे.

आणि मुलगे? त्यांना तर कोणी विचारतच नाही. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, 1097 ही हेल्पलाइन आहे, एवढं होस्टेलच्या फलकावर मेसच्या दरांशेजारी लावायला काय हरकत आहे? जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ताही लावा. अडचण वेळेची आहे: बाह्यरुग्ण विभाग सकाळी आणि तेव्हाच कॉलेजचे तास. ती प्राचार्य आणि रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांनी समोरासमोर बसून सोडवावी. दोघंही आज पहिल्या रांगेत आहेत, म्हणून इथेच म्हणतो.