घशात हाड नव्हतं

मुलीच्या निकाहासाठी आम्ही चार दिवस गावी गेलो आणि मोतीला कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी ठेवलं. परतल्यावर आठवडाभरात तो खोकू लागला. कोरडा, घोगरा खोकला. शेवटी उबळ येऊन पांढरा फेस. मी कवी माणूस. घशात हाड अडकलं असेल म्हणून त्याच्या जबड्यात बोटं घातली. हाड नव्हतंच.

पशुवैद्य म्हणाले, हा ‘केनेल कफ’. बोर्डेटेला नावाचा जीवाणू आणि काही विषाणू श्वासनलिकेला सूज आणतात. कुत्री एकत्र राहतात तिथे तो खोकल्यातून, एकाच भांड्यातल्या पाण्यातून पसरतो. लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात. धडधाकट कुत्रा विश्रांतीनं बहुधा 1 ते 3 आठवड्यांत बरा होतो. धूर टाळावा, गळ्यात पट्टा बांधू नये. माणसांचं खोकल्याचं औषध तर मनानं देऊच नये.

मोती बरा झाला. पण मी हाड शोधत होतो त्या दिवसांत शेजारचं दोन महिन्यांचं पिल्लू त्याच्याशी खेळत होतं. त्याला ताप आला, धाप लागली, त्यानं खाणं सोडलं. न्यूमोनिया! वेळेवर प्रतिजैविकं मिळाली म्हणून वाचलं. शेजारीणबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

श्रोतेहो, कुत्र्याला बाहेर ठेवायचं असेल तर पशुवैद्यांना विचारून आधीच लस द्या. ती पूर्ण कवच नाही, पण आजार सौम्य करते. आणि कुत्रा खोकला, तर आधी त्याला वेगळं ठेवा. कारण मग शोधा.